सगळ्यांची एक जून

वर्षाराणीनं शाळेतली नोकरी सोडली तेव्हा किल्लारीत दोन दिवस लोकांना दुसरा विषय नव्हता. नोकरी म्हणायची म्हणून म्हणायची बरं का. संस्थेची विनाअनुदानित शाळा, अनुदान आज येईल, उद्या येईल म्हणत तिथं तिची नऊ वर्षं गेली. तिनं पहिल्यांदा शिकवलेल्या पोरांना आता मिशा फुटल्या होत्या. ती मोटारसायकलीवरून "बाई, नमस्कार" म्हणून पुढं जायची, आणि बाई तिथंच, त्याच फळ्यासमोर. पगार कधी व्हायचा, कधी त्याची नुसती चर्चा व्हायची. स्थळं आली आणि गेली. एकाला बायको सरकारी नोकरीतली हवी होती, दुसऱ्याला बायकोनं नोकरी करायलाच नको होती. वय तिशीला टेकलं. मग दिवाळीची सुट्टी संपली त्या दिवशी हिनं हेडमास्तरांच्या टेबलावर राजीनामा ठेवला आणि घरी येऊन सांगितलं, "अप्पा, मी कॉम्प्युटरच्या लाइनीत चालले."

तिचे वडील अण्णाराव ओट्यावर बसून फवारणीच्या पंपाचं नोझल साफ करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तितं कुणी वळखीचं हाय?"

"न्हाई."

"येतंय काय त्यातलं?"

"न्हाई. शिकणार."

"मंग कामून चाललीस?"

"हितं राहून तरी काय येणार हाय, अप्पा?"

अण्णारावांनी नोझल फुंकून बघितलं, पंपाला लावलं. एवढ्या वेळात त्यांचा विचार झाला होता. "एक साल बघ. पुढल्या दिवाळीपस्तोर. जमलं तर जमलं, न्हाईतर मुकाट्यानं माघारी ये. संस्थेच्या अध्यक्षाला मी सांगून ठिवतो, जागा धरून ठिवा म्हणून."

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं कसं, तेही सांगायला पाहिजे. शाळेत मुलांच्या हजेरीचा एक प्रोग्रॅम संस्थेनं कुठून तरी आणला होता. बाकीच्या मास्तरांनी तो हिच्या गळ्यात मारला. तो रोज नव्या ठिकाणी अडायचा आणि ही रोज त्याच्या नावानं शिमगा करायची, "हे बनवणाऱ्यानं एकदा तरी वापरून बघितलं असतं तर हात झडले असते का त्याचे?" एकदा तो दुरुस्त करायला आलेला मुलगा हसत म्हणाला, "मॅडम, वापरून बघायला कंपन्या माणसं ठेवतात. त्याला टेस्टिंग म्हणतात. पगारी काम आहे." झालं. हिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला तो तिथून.

आई तुळजाबाईंनी जेवताना विचारलं, "पर त्या कामात करतेत तरी काय?"

"माय, दुसऱ्यानं बनवलेला प्रोग्रॅम मुद्दाम येडावाकडा वापरायचा. कुठं मोडतो त्ये बघायचं आन् त्येला सांगायचं."

"म्हंजे दुसऱ्याच्या चुका काढायच्या?"

"हाव."

"मंग शिकायला कशापायी जातीस? त्ये तर तुला जल्मापास्नं येतंय."

अण्णारावसुद्धा घास घेता घेता गालात हसले.

लातुरात क्लासला आले म्हटलं की समोरचा माणूस एकच विचारतो, डॉक्टरकीचा का इंजिनिअरिंगचा? तिसरं काही असतं हे त्या गावाला पटतच नाही. खोली भाड्यानं देणाऱ्या काकूंनी वर्षाराणीच्या मागं वाकून बघितलं आणि विचारलं, "पोरगी कुठं आहे तुमची?"

"मीच ती पोरगी," ही म्हणाली आणि बॅग उचलून आत गेली.

क्लासमध्ये सगळी विशीतली. ही पहिल्या बाकावर. शिकवणारा पोरगा तिच्याहून लहान, तिला बघून आधी 'मॅडम' म्हणायचा आणि मग घोटाळायचा. समजलं नाही की ही हात वर करायची, परत नाही समजलं की परत करायची. पोरं मागं खुसखुसायची. खुसखुसू देत! नऊ वर्षं जिनं वर्गाला "न लाजता विचारा रे" म्हणून घसा कोरडा केला, ती स्वतः विचारायला लाजली असती तर नवल. पाच महिन्यांत तिनं टेस्टिंगचं जे शिकायचं ते शिकून घेतलं.

आणि मग सुरू झाला खरा ताप. जिथं जावं तिथं पहिला प्रश्न, "अनुभव किती?" नाही म्हटलं की, "मग अनुभव घेऊन या." आता अनुभव म्हणजे काय गंज गोलाईच्या बाजारात मिळणारी मेथीची जुडी आहे, की पिशवी घेऊन जावं आणि आणावी? पण गंमत अशी की मिळतो म्हणे. क्लासमधला दयानंद तिला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, तुम्ही कशाला चपला झिजवून राहिल्या? दोन वर्षांच्या अनुभवाचा दाखला विकत मिळतो. मी सांगतो तिथं फोन करा."

"नऊ वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्या मी," वर्षाराणी म्हणाली, "आन् आता मीच कॉपी करू व्हय?"

दयानंद पुण्याला लागला. कसा लागला ते विचारू नका. ही मात्र लातूर झालं, उदगीर झालं, सगळीकडून नकार घेत घेत मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात नांदेडला पोचली.

विष्णुपुरीच्या रस्त्याला एका टायरच्या दुकानावर भागवत सरांची कंपनी होती. कंपनी म्हणजे दोन खोल्या, एक कूलर आणि सात-आठ माणसं. दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम बनवायचे. पेशंटची नोंद, वय, लसीच्या तारखा, बिल, सगळं त्यात. भागवत सर नांदेड शहरात जन्मलेले, शहरात वाढलेले, बोलायला तुटक. त्यांनीही तेच विचारलं.

"अनुभव?"

"या कामाचा नाही."

"मग कशाचा आहे?"

"चौथीचा वर्ग सांभाळायचा, सर. सांगितलेलं सोडून माणूस काय काय करू शकतो, ते मला नऊ वर्षं बघून पाठ झालंय."

सरांनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. "दिवाळीपर्यंत शिकाऊ म्हणून राहा. काम पटलं तर कायम. नाही पटलं तर राम राम."

घ्या! अप्पांचीही दिवाळी आणि सरांचीही दिवाळी. जिना उतरताना तिला हसूच आलं.

कंपनीत तिला सांभाळून घेतलं ते धम्मप्रियानं. पोरगी इस्लापूरची, विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअर झालेली, वयानं वर्षाराणीहून चांगली पाच वर्षांनी लहान. प्रोग्रॅम लिहायची ती आणि तपासायची ही. वर्षाराणीनं चूक काढली की धम्मप्रिया कपाळावर हात मारायची, "ताई, तुम्ही सासू झाल्या तर त्या सुनेचं काही खरं नाही," आणि चूक दुरुस्त करून चहा सांगायची. दोघींचं छान जमलं. जून गेला, जुलै गेला, वर्षाराणीच्या हाताला काम बसलं. आता जमतंय असं तिला वाटायला लागलं आणि नेमकी तिथंच माशी शिंकली.

डॉक्टर लेनमधल्या एका मोठ्या दवाखान्याचं काम कंपनीला मिळण्याच्या बेतात होतं. ऑगस्टात सरांनी वर्षाराणीला सांगितलं, "तपासायला पन्नास पेशंट तयार कर. खोटेच, पण खरे वाटले पाहिजेत. नाव, गाव, जन्मतारीख. वयाचा हिशोब नीट बघ, त्यावर लसीचं सगळं अवलंबून आहे."

हिनं झटक्यात पन्नास माणसं उभी केली. लांब कशाला जायचं? आपली गल्ली काय कमी होती? शेजारची सरजाबाई घातली, पलीकडची लक्ष्मीबाई घातली, त्यांची पोरं, सुना, शाळेतला शिपाई, जीपवाला, कारखान्यावरचा वजनकाटेवाला, सगळे. म्हातारे घातले, तरणे घातले, साल ज्याचं त्याचं वेगळं. आणि जन्मतारीख? एक जून.

सगळ्यांची एक जून.

हसू नका. ज्याला ठाऊक आहे त्याला ठाऊक आहे. आपल्याकडं शाळा उघडते जूनमध्ये. बाप पोराचं बखोट धरून शाळेत आणतो, मास्तर विचारतात जन्मतारीख काय, बाप आढ्याकडं बघतो. मास्तर पोराकडं नजर टाकतात, सहा वर्षांचं दिसतंय म्हणतात आणि लिहून मोकळे होतात, एक जून. बापाची तशी, पोराची तशी, मास्तरांची स्वतःचीही तशीच. गावंच्या गावं एका दिवशी जन्मलेली आणि वाढदिवस एकाचाही कधी झालेला नाही. वर्षाराणीची स्वतःची जन्मतारीखही तीच, आणि शाळेत असताना तिनं आपल्या हातानं कितीतरी पोरांना तीच दिली होती. त्यामुळं जन्मतारीख म्हटलं की तिची बोटं आपोआप तिथंच पडली. यात काही चुकतंय, हे तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

प्रोग्रॅमनं पन्नासही जणांची वयं बरोबर सांगितली. हिनं बोटांवर मोजून एकेक पडताळलं आणि कळवून टाकलं, तारखा तपासल्या, बरोबर आहेत.

सप्टेंबरात सगळे दवाखान्यात प्रोग्रॅम दाखवायला गेले. मोठे डॉक्टर स्वतः हजर. नोंदणीच्या खिडकीवरची मनिषा नावाची मुलगी म्हणाली, "खरंखुरं पेशंट आलंय, त्याचंच टाकते." कुणा बाईच्या मांडीवर तान्हं बाळ होतं, गेल्या महिन्याच्या पंचवीस तारखेला जन्मलेलं. मनिषानं तारीख टाकली. प्रोग्रॅम म्हणाला, चुकीची तारीख. तिनं परत टाकली. परत तेच. दुसरं बाळ आणलं, अठरा तारखेचं. चुकीची तारीख. बाहेर रांग वाढायला लागली, बाळं रडायला लागली.

"भागवतराव," डॉक्टर म्हणाले, "तुमच्या प्रोग्रॅमला माझे पेशंट जन्मलेलेच मान्य नाहीत. पुढच्या शुक्रवारी या. त्यानंतर मी दुसरीकडं बघेन."

कंपनीत परतल्यावर दोष सापडायला वेळ लागला नाही. प्रोग्रॅम तारखेला महिना समजत होता आणि महिन्याला तारीख. पंचविसावा महिना कुठून आणणार? म्हणून अडला. सर धम्मप्रियावर उखडले.

"इतकी बाळबोध चूक? वर्षाराणीनं ऑगस्टात तारखा तपासल्या तेव्हा बरोबर होत्या. म्हणजे त्यानंतर तू हात लावलास."

धम्मप्रिया गोंधळली. "लावला असेल, सर... मला आठवत नाही."

वर्षाराणीनं टेबलाखाली बोटांवर परत मोजलं. तिला कळलं होतं. प्रोग्रॅमनं एक जूनला सहा जानेवारी समजलं होतं, आणि ऑगस्टात बसून मोजलं की दोन्ही तारखा उलटलेल्या, वय तेवढंच येतं. प्रोग्रॅम पहिल्यापासून चुकीचाच होता. तो हिच्यापुढून पन्नास वेळा गेला आणि पन्नासही वेळा हिनं त्याला बरोबर म्हटलं.

तिनं भरलेल्या तारखा कुणी उघडून बघितल्या नव्हत्या. बघणारही नव्हतं. गप्प बसली असती तर चाललं असतं. दिवाळी दीड-दोन महिन्यांवर आली होती. तिच्या डोळ्यांसमोर तो फळा आला, अध्यक्षांचं "आलात का माघारी, बाई?" असं म्हणणारं तोंड आलं, ओट्यावरचे अप्पा आले. मग तिनं धम्मप्रियाकडं बघितलं. ती पोरगी न केलेली चूक आठवायचा प्रयत्न करत होती. आणि वर्षाराणीला स्वतःचाच असा राग आला की ती खुर्ची सरकवून उभी राहिली.

"सर, तिनं नंतर काही बदललेलं नाही. खोट माझ्या तपासण्यात होती. हे बघा."

सर वाकून बघायला लागले. "एक जून. एक जून. एक जून... ही काय थट्टा आहे? पन्नास माणसं एकाच दिवशी जन्मली?"

"आमच्याकडं जन्मतात, सर."

धम्मप्रियाला एवढ्यातही फिस्सकन हसू फुटलं. "सर, माझ्या बाबांचीपण एक जूनच आहे. आईचीपण."

सर हसले नाहीत. "तुमच्या गावांच्या गमती मला सांगू नका. कोड चुकला तो तुझा, प्रिया, आणि तपासणीत सुटलं ते हिचं." मग वर्षाराणीकडं वळून ते हळू आवाजात म्हणाले, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं, "खरं बोललीस म्हणून आज जा म्हणत नाही. पण शुक्रवारी एक जरी तारीख अडली, तर दिवाळीची वाट बघू नकोस."

धम्मप्रियानं त्याच दिवशी कोड दुरुस्त केला. "ताई, मशीनकडून पाहिजे तेवढ्या तारखा काढून देते, सगळ्या बारा महिन्यांच्या."

"त्या दे. त्या तपासतेच," वर्षाराणी म्हणाली. "पर मला माणसांच्या बी पायजेत. खऱ्या. सवयीनं एकदा तोंडावर पाडलंय मला, परत न्हाई पडायची."

शनिवारी पहाटेची लातूरची बस धरली, औशाला जीप बदलली आणि दुपारी ही किल्लारीत. किल्लारी म्हणजे भूकंपानंतर नव्यानं बसवलेलं गाव, सरळ गल्ल्या, सारखी घरं. ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या बायकांमध्ये हिनं फतकल मारलं. "सरजामावशे, तुझा थोरला कव्हा झाला? शाळेतलं नगं सांगू. खरं सांग."

बायकांनी आधी हिला वेड्यात काढलं. मग एकीचं सुरू झालं आणि सगळ्यांना कंठ फुटला.

"थोरला? पोळ्याच्या करीला. बैलाचे रंगवलेले शिंगं तसेच व्हते अजून."

"माझी शांता नागपंचमीची. झोक्यावरनं उतरले ती थेट बाळंतपणालाच."

"नातू व्हय? लातूरला रेल्वेनं पाणी आलं बघ त्या उन्हाळ्यात. बाळाला न्हाऊ घालायला घागरभर पाणी मागून आणलं मी."

"दगडू शिमग्याचा. म्हणून तर त्येच्या जिभेला हाड न्हाई."

हिनं मोबाइलवर जुनी पंचांगं काढून एकेका सणाची तारीख लावली. गाव वर्षभर पसरत गेलं, कुणी मार्चात, कुणी ऑगस्टात, कुणी नोव्हेंबरात. लक्ष्मीबाई आपल्या लेकीची तारीख ऐकून डोळ्याला पदर लावून म्हणाली, "एवढ्या वर्सांत कुणी इचारलंच न्हाई गं बाई."

संध्याकाळी भाकरी करताना वर्षाराणीनं आईला विचारलं, "माय, आन् मी?"

"तू येळवशीची," तुळजाबाई म्हणाल्या.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी लातूरकडची गावं ओस पडतात, घरदार शेतात जाऊन भाज्या-डाळींची भज्जी आणि आंबील जेवतं.

"भूकंपानंतरची पयली येळवस. टिनाच्या शेडात व्हतो आपण. त्या साली कुणाच्याच घरात भज्जी शिजली न्हाई. समदं गाव रडून रडून थकलं व्हतं. आन् तू आलीस."

शेडात जन्मल्याचं वर्षाराणीला लहानपणापासून ठाऊक होतं. तारीख आज पंचांगात कळली, भूकंपानंतरच्या जानेवारीतली अकरा. पण एक जुनं शल्य होतं ते तिच्या तोंडून निघून गेलंच. "मंग माझं साल बी चुकलं, माय. भूकंप सप्टेंबरातला आन् माझी एक जून त्येच्या आधीची! तारीख चुकली त्ये जाऊ दे, सगळ्यांचीच चुकती. पर साल? पोलीस भरतीला वयात बसले न्हाई, त्ये या कागदानं. अप्पांनी मास्तरला एवढं बी सांगितलं न्हाई?"

तुळजाबाईंचा भाकरीवरचा हात थांबला. त्यांनी दाराकडं बघितलं. अण्णाराव दारात उभे होते.

"सांगितलं व्हतं," ते म्हणाले. "मास्तर बरोबरच लिव्हत व्हते. मीच म्हणलो, भूकंपाच्या आधीचं टाका."

"कामून, अप्पा?"

अण्णाराव आत आले, भिंतीला टेकून बसले. बोलायला लागले तेव्हा हिच्याकडं न बघता, चुलीकडं बघत.

"तुझा भाऊ, वीरण्णा, तीन वर्साचा व्हता. तुझ्या मायला दिवस गेलेले. त्येला भैनीची लई हौस. मायच्या पोटावर हात ठिवून बसायचा आन् म्हणायचा, भायेर ये की. भूकंपात गेला. त्येनं तुला बघितलं न्हाई." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मास्तर साल इचाराय लागले तव्हा माझ्या मनात आलं, कागदावर तरी दोघं भैन-भाऊ चार म्हैने एका घरात राहू देत."

वर्षाराणीला भाऊ होता हे माहीत होतं. घरात त्याचा फोटो नव्हता, सगळं ढिगाऱ्यात गेलेलं. नाव कुणी काढायचं नाही, म्हणून हिनंही कधी काढलं नाही. बापाला निष्काळजी समजत आली होती ती, इतकी वर्षं. ती उठली आणि अप्पांच्या शेजारी जाऊन बसली. भाकरी करपल्याचा वास सुटला तेव्हा तुळजाबाई "अगं बाई" म्हणत तव्याकडं वळल्या.

नांदेडला परतल्यावर तिनं झडझडून काम केलं. गावच्या खऱ्या तारखा, मशीनच्या तारखा, महिन्याअखेरच्या, लीप वर्षाच्या, तान्ह्या बाळांच्या, नव्वदीच्या म्हाताऱ्यांच्या. आणखी दोन ठिकाणी प्रोग्रॅम घसरला, ते तिनं पकडलं. धम्मप्रियानं या वेळी कपाळावर हात मारला नाही, गपचूप दुरुस्त केलं.

शुक्रवारी दवाखान्यात मनिषानं एकामागून एक पेशंट टाकले. पंचवीस तारखेचं ते बाळ आधी टाकलं. बाळाचं वय आलं, पुढच्या लसीची तारीख आली. अठराचं आलं. एकतीसचं आलं. तासभर रांग सरकत राहिली आणि एकही तारीख अडली नाही. वर्षाराणी भिंतीला टेकून उभी, ओठांत प्रत्येक तारीख म्हणत. भागवत सरांनी तिच्याकडं एकदा बघितलं आणि चष्मा पुसायला काढला.

मोठे डॉक्टर इतका वेळ मागं उभे होते. "मागच्या वेळी काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

सर काही बोलायच्या आत वर्षाराणीनंच सांगितलं, "मी पन्नास पेशंट तपासले होते, डॉक्टरसाहेब. सगळ्यांची एक जून टाकून."

डॉक्टरांनी तिच्याकडं रोखून बघितलं. मग मनिषाच्या शेजारची खुर्ची ओढून बसले. "माझी टाक गं. एक जून."

मनिषा बघतच राहिली. भागवत सरही.

"देगलूरच्या पलीकडचं गाव आमचं," डॉक्टर म्हणाले. "मास्तरांनी दिलेली आहे."

"आन् खरी कोणती, साहेब?" वर्षाराणीच्या तोंडून निघून गेलं.

"आईला विचारायचं राहून गेलं," डॉक्टर म्हणाले आणि उठले. जाता जाता भागवत सरांना सांगून गेले, "सोमवारपासून चालू करा."

कंपनीत आल्यावर सरांनी वर्षाराणीच्या पुढ्यात एक कागद सरकवला. "दिवाळीपर्यंत थांबायची गरज नाही. कायमच्या नोकरीचा फॉर्म आहे, भरून दे."

धम्मप्रिया खांद्यावरून डोकावून बघत होती. जन्मतारखेच्या रकान्यापाशी येताच म्हणाली, "ताई, आता खरी सापडली ना? रीतसर अर्ज करून बदलून घ्या सगळीकडं. वयानंपण लहान व्हाल."

"न्हाई बदलायची," वर्षाराणी म्हणाली, आणि तिनं एक जून लिहिलं, साल भूकंपाच्या आधीचं.

मग ती जिन्यात गेली आणि तिनं घरी फोन लावला. अण्णारावांनीच उचलला.

"अप्पा, अध्यक्षाला सांगा, जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या. मला कायम केलं."

अप्पांनी विचारलं, "फारम भरलास?"

"हाव."

"जल्मतारीख कोणती लिव्हलीस?"

"एक जून, अप्पा. तुमी लिव्हायला लावली तीच."

खाली टायरच्या दुकानात कुणीतरी हवा भरत होतं, त्या आवाजात अप्पांचं पुढचं तिला नीट ऐकू आलं नाही. तिनं दुसऱ्या कानावर हात ठेवला.

"बरं केलंस," अप्पा परत म्हणाले.